इंट पॉइंटर घेणारा तुलना-फंक्शन कास्ट करून (म्हणजे त्याचा प्रकार जबरदस्तीने बदलून) सी भाषेतल्या क्यूसॉर्टला, म्हणजे अ‍ॅरे क्रमाने लावणाऱ्या तयार फंक्शनला, दिला तर चालतं का?

बहुतेक मशीनवर चालेल, पण करू नका. फंक्शन पॉइंटर दुसऱ्या प्रकारात कास्ट करायला आणि परत मूळ प्रकारात आणायला सी स्टँडर्डची पूर्ण मुभा आहे. अडचण कॉल करताना येते. क्यूसॉर्ट तुमचं फंक्शन 'दोन कॉन्स्ट व्हॉइड पॉइंटर' या सहीने (म्हणजे पॅरामीटरच्या प्रकारांनी) बोलावतो, तुमची सही 'दोन कॉन्स्ट इंट पॉइंटर' अशी आहे. हे प्रकार सुसंगत नाहीत, म्हणून तो कॉल अनडिफाइंड बिहेवियर ठरतो, म्हणजे काय होईल याची स्टँडर्ड कसलीही हमी देत नाही. कास्टमुळे फक्त कंपायलर गप्प बसतो.

पॅरामीटर पॉइंटरऐवजी थेट डबल (दशांश संख्या) असता तर त्रास लगेच दिसला असता. अनेक प्लॅटफॉर्मवर डबल वेगळ्या रजिस्टरमधून जातो, त्यामुळे फंक्शनला कचरा मिळतो. वेबअसेंब्लीत (ब्राउझरमध्येही चालणाऱ्या बायनरी कोडच्या स्वरूपात) तर अशी सही जुळली नाही की प्रोग्राम तिथेच थांबतो.

योग्य पद्धत सोपी आहे: पॅरामीटर कॉन्स्ट व्हॉइड पॉइंटरच ठेवा आणि पहिल्याच ओळीत ते कॉन्स्ट इंट पॉइंटरमध्ये घ्या. त्यासाठी सीमध्ये कास्टही लागत नाही. आणि हो, तुलनेसाठी वजाबाकी परत करू नका, मोठ्या संख्यांवर ओव्हरफ्लो होतो, म्हणजे उत्तर इंटमध्ये मावत नाही. (अ > ब) - (अ < ब) लिहा.

फंक्शन पॉइंटरच्या प्रकारात कंस रिकामा ठेवून पॅरामीटर न सांगण्याची जुनी पळवाटही सोडा. सी२३ या सी स्टँडर्डच्या आवृत्तीमध्ये रिकामा कंस म्हणजे 'एकही पॅरामीटर नाही'.