वाटप मागितलं तर भावाचं घर जाईल का?

पन्नाशीच्या एका ताई दादाने पाठवलेला हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन आल्या होत्या. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सही करायची इच्छा नव्हती, पण दाव्याची त्याहून भीती. "कोर्ट घर विकायला लावेल, दादा रस्त्यावर येईल आणि माझं माहेर संपेल."

माहेर तुटण्याची भीती खरी असते, ती मी कधीच उडवून लावत नाही. पण घराबद्दलची त्यांची समजूत चुकीची होती.

वडील मृत्युपत्र न करता गेले, आई त्याआधीच. मागे वडिलांनी स्वतः घेतलेली सहा एकर शेती, विहीर आणि गावठाणातलं घर. दोन भाऊ, एक बहीण. हिंदू उत्तराधिकार कायद्याने तिघांचा वाटा सारखा, एक तृतीयांश. लग्न झालं म्हणून किंवा सात-बारावर नाव नाही म्हणून तो जात नाही.

कोर्ट आधी फक्त वाटे ठरवतं. तो प्राथमिक हुकूमनामा. कुणाला कुठला तुकडा, हे नंतर. साराआकारणीच्या, म्हणजे सरकारी शेतसारा लागू असलेल्या शेतजमिनीचं वाटप जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि ते सरस-निरस पाहून होतं: माती, पाणी, रस्ता. विहिरीकडची जमीन ज्याला मिळेल त्याला क्षेत्र कमी येऊ शकतं. "मला माळच देतील" असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. घरासाठी कोर्टाने नेमलेला कमिशनर येऊन पाहणी करतो, नकाशा काढतो, वाटप सुचवतो. थोडा कमी-जास्तपणा राहिला तर फरक पैशात भरून काढता येतो.

आणि तीन खोल्यांचं घर तिघांत वाटताच येत नसेल तर? त्यासाठी 1893 चा वाटप कायदा आहे. सोयीस्कर वाटणी होत नसेल तर कोर्ट विक्रीचा आदेश देऊ शकतं, पण तशी मागणी करणाऱ्यांचा एकत्रित वाटा निदान अर्धा हवा. ताईंचा तर तिसराच हिस्सा. पुण्यातला धाकटा भाऊ सोबत आला असता तरच दोन तृतीयांश भरले असते. तेव्हाही दादाला त्या दोघांचे वाटे कोर्टाने ठरवलेल्या किमतीला विकत मागता आले असते, आणि त्याने मागितल्यावर कोर्टाला ते त्याला देऊ करावेच लागतात. घरात राहणाऱ्याला एवढं संरक्षण देणारं हे कलम गावोगावच्या भावा-बहिणींना माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या भेटीला मी दादांनाही बोलावलं. ते गप्प बसून ऐकत होते. मग एकच विचारलं, "म्हणजे मी घर ठेवू शकतो?" त्यांनाही घर जाण्याचीच धास्ती होती, म्हणून तर तो मसुदा.

तरीही ताईंनी दावा लावला. मी त्यांना अडवलं नाही, कारण तोंडी शब्दावर राहिलेली वाटणी पुढच्या पिढीत भांडण होऊन उभी राहताना मी पाहते.  वकिलांच्या मदतीने तडजोड होऊन तसाच हुकूमनामा झाला: घर दादांकडे, त्याच्या किमतीतला वाटा बहीण-भावाला हप्त्यांनी, शेत तिघांत, विहीर सामाईक आणि पाण्याची पाळी लेखी. वाटपाच्या अंतिम हुकूमनाम्याला मुद्रांक लागतो. ते काम धाकट्याने अंगावर घेतलं आहे.