सतरा गोळ्या आणि ‘ते असो’

प्रिय मावशी,
मी 26 वर्षांची आहे. एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या औषधाच्या चाचणीत गेल्या वर्षी मी स्वतःहून नाव दिलं. ठरलेल्या तारखेला इंजेक्शन आणि रोज एक गोळी. दोन्हींतलं एक खरं, एक दिखाऊ. माझ्या वाट्याला कोणतं आलंय ते मलाही माहीत नाही, सिस्टरनाही नाही. मागच्या महिन्यात मोठ्या बहिणीला कपाटात चाचणीचं माहितीपत्रक सापडलं. तिला वाटतंय, मलाच एचआयव्ही आहे. बोलत नाही, माझा कप वेगळा ठेवते. या सगळ्यात गोळ्याही राहून गेल्या, 17 उरल्या होत्या, मोजणीच्या आदल्या दिवशी टाकून दिल्या, सिस्टर फार प्रेमळ आहेत, त्यांना कशाला वाईट वाटायला, ते असो. ताईला कसं समजावू? की चाचणीच सोडून देऊ?
– गोंधळलेली

बाई गं,

ताईचं आधी उरकते. कपातून एचआयव्ही होत नाही, आणि तुला चाचणीत घेतलं तेच मुळी तुझी तपासणी निगेटिव्ह आल्यावर. एवढं तिला एकदा सांग. त्यावरही रुसली तर रुसू दे. अबोल्याने तुझ्या जिवाला धोका नाही.

त्या 17 गोळ्यांनी आहे. आणि त्यांना तू ‘ते असो’ म्हणून वाटेला लावलंस! ‘पंधरा-वीस’ नाही लिहिलंस, 17 लिहिलंस. टाकताना मोजल्यास, आजही आकडा लक्षात आहे. म्हणजे तो तुला टोचतोय.

‘एक खरं, एक दिखाऊ’ हे तूच लिहिलंस. मग पुढचा हिशोब का नाही केलास? तुला खरं इंजेक्शन मिळत असेल तर गोळी नुसती नावाची, टाकलीस तरी अंगाचं काही गेलं नाही. पण उलट असेल तर? इंजेक्शनात औषधच नव्हतं, जे होतं ते त्या 17 गोळ्यांत होतं, आणि त्या तू कचऱ्याच्या डब्यात टाकल्यास. शिवाय या गोळीतलं टेनोफोव्हिर हे औषध योनिमार्गात गुदमार्गापेक्षा बरंच कमी साठतं. म्हणून बाईला ही गोळी जवळजवळ रोज घ्यावी लागते, मधले दिवस तिला माफ नसतात. त्या दिवसांत तू कंडोम वापरलास का, हे पत्रात नाही. ‘मी तर चाचणीत आहे’ या भरवशावर राहिली असशील, अशी मला धास्ती वाटते.

आणि सिस्टरचं म्हणतेस. त्या प्रेमळ असतील, मला शंका नाही. पण बाटली रिकामी बघून त्यांना बरं वाटलं ते तुला सुरक्षित समजून. त्यांना वाईट वाटू नये म्हणून तू त्यांना तुझी काळजी घेण्यापासूनच अडवलंस. याला मी चांगुलपणा म्हणणार नाही, मला रागच आला.

तू एकटी नाहीस, हेही सांगते. 2009 मध्ये व्हॉइस नावाची अशीच, एचआयव्ही टाळणाऱ्या औषधांची मोठी चाचणी सुरू झाली. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या 5,029 स्त्रिया होत्या. परत आलेलं औषध मोजलं तेव्हा वाटलं, 86 टक्के वापरलं गेलंय. मग रक्त तपासलं. औषध सापडलं ते 25 ते 30 टक्के नमुन्यांत. निकाल लागला तो असा, की दिलेल्या कुठल्याच औषधाने लागण कमी झाली नाही. त्याच सुमारास केनिया आणि युगांडातल्या जोडप्यांच्या चाचणीत, व्हॉइसमध्येही दिलेल्या एका गोळीने लागण 75 टक्क्यांनी घटली होती. गोळी तीच, फक्त ती पोटात जात होती.

त्या बायकांना खोटारड्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पुढे त्यांच्यातल्या काही जणींसमोर त्यांच्याच रक्ताचे आकडे ठेवून शांतपणे विचारलं, तेव्हा त्या बोलल्या. दुष्परिणामांची भीती होती. कुणी गोळ्या पाहिल्या तर हिलाच एचआयव्ही आहे म्हणतील, ही भीती होती. तुझ्या घरात आज जे चाललंय तेच. रोजची गोळी अनेकींना झेपत नाही हे असं उघड होत गेलं, म्हणून तर लांब पल्ल्याच्या इंजेक्शनाचं मोल कळलं. 2024 मध्ये सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या लेनाकापाविर या इंजेक्शनाचा निकाल आला: ते घेणाऱ्या 2,134 स्त्रियांत एकीलाही लागण झाली नाही. ‘मला रोज जमत नाही’ हे वाक्य चाचणीवाल्यांना ऐकायचंच असतं गं. तू ते डब्यात टाकून आलीस.

चाचणी सोडायचा हक्क तुला पहिल्या दिवसापासून आहे, कारणही द्यावं लागत नाही. पण या भांडणाच्या भरात, हे लपवून सोडू नकोस.

पुढच्या तारखेची वाट बघू नकोस. आजच चाचणी केंद्राला फोन कर. ओरडतील, काढून टाकतील ही भीती मनातून काढ. गोळ्या चुकणं त्यांना नवं नाही, आणि तुझ्यापुढे आता दुसरी घाईची गोष्ट आहे: तपासणी. नकळत लागण झालेली असेल आणि तू हीच गोळी घेत राहिलीस, तर तिच्यातली औषधं उपचाराला अपुरी पडतात आणि विषाणू त्यांना दाद देईनासा होऊ शकतो. गोळी पुढे कशी घ्यायची ते त्यांनाच ठरवू दे, आणि ते सांगेपर्यंत कंडोमशिवाय नाही.

बोलायला जमत नसेल तर कागदावर लिहून घे आणि वाच: “सिस्टर, मागच्या वेळी बाटली रिकामी होती ती मी घेतल्यामुळे नाही. 17 गोळ्या मी टाकून दिल्या.” पुढचं त्या विचारतील.

– मावशी