वरून टेट्रापॉड टाकून भागेल का?

ब्रेकवॉटरवरचे, म्हणजे लाटा अडवणाऱ्या बांधावरचे ४ टनी टेट्रापॉड (चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे) पावसाळ्यात घसरले, आता त्या खड्ड्यात तसेच आणखी टाकले तर चालेल का, असं विचारलंय. नाही चालणार. ते घसरले का, हे आधी पायथ्याशी खोली मोजून बघा.

फुटणाऱ्या लाटेची उंची तिथली खोली ठरवते, ढोबळमानाने ०.७८ पट. भरती आणि वादळी फुगवटा धरून खोली साडेचार मीटर असेल तर लाट ३.५ मीटर. ठोकळ्याचं वजन काढायच्या हडसनच्या सूत्रात केडी (ठोकळा किती घट्ट टिकतो त्याचा गुणांक; जितका मोठा तितकं वजन कमी लागतं) ७, उतार १:१.५ आणि काँक्रीट २.४ टन प्रति घनमीटर घातलं की वजन ४.१ टन येतं. म्हणजे मूळ हिशोब बरोबरच होता. पण समोरचा तळ अर्धा मीटर खचला असेल तर लाट ३.९ मीटर आणि वजन थेट ५.६ टन! सूत्रात उंचीचा घन आहे ना. केडी ८ मात्र घेऊ नका, तो न फुटणाऱ्या लाटांचा. ब्रेकवॉटरच्या टोकाला केडी ५, तिथे ८ टनी लागतील.

मधल्या भागाला ६ टनी धरा. दोन थरांना १०० चौरस मीटरमागे साधारण ५६ नग, थराची जाडी २.८ मीटर, खाली ६०० किलोच्या आसपासचे दगड. तुटलेले तुकडे आधी उचला. लाटेत तेच हातोड्यासारखे आपटून चांगले नग फोडतात. मग पायथ्याचा दगडी बांध भरा, उघडा पडलेला खालचा थर सारखा करा आणि टेट्रापॉड तळापासून वर लावत या. नुसते ओतले तर पाय एकमेकांत अडकत नाहीत, उतारही उभा होतो. नवे-जुने जिथे भिडतात तिथले दोन-तीन जुने नग काढून पुन्हा गुंफा, कारण फट पहिली तिथेच पडते.

डोलॉस हा दुसऱ्या आकाराचा काँक्रीटचा ठोकळा. त्याचा केडी १५.८, वजन निम्म्याहून कमी येतं, म्हणून मोह होतो. पण त्याची कंबर बारीक. पोर्तुगालमध्ये सिनिशला १९७८ च्या वादळात ४२ टनी डोलॉस मोडले. दुरुस्तीत मी टेट्रापॉडच घेईन.

नवे नग ओतल्यावर क्युरिंगला (काँक्रीट ओलं ठेवायला) समुद्राचं पाणी नको, आणि ताकद यायच्या आत नग उचलू नका. तेव्हा पडलेली बारीक चीर नंतर लाटेत उघडते. पुण्यातच आहात, तर खडकवासल्याच्या सीडब्ल्यूपीआरएसमध्ये (केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात) ब्रेकवॉटरच्या छोट्या प्रतिकृतीची चाचणी करता येते का ते आधी विचारा. नगांची ऑर्डर त्यानंतर.