हॉस्पिटल तुमचं तुम्हीच बघा

"फी घेतली, वर्गात शिकवलं, अन् आता म्हणायलेत प्रॅक्टिकलसाठी हॉस्पिटल तुमचं तुम्हीच बघा. आठ ठिकाणी जाऊन आले, मॅडम. कुणी दारात उभं करंना."

केज तालुक्यातली ही मुलगी लातूरच्या एका खाजगी संस्थेत जीडीए, म्हणजे जनरल ड्यूटी असिस्टंटचा (सिस्टरांच्या हाताखाली पेशंटची देखभाल करणाऱ्या मदतनिसाचा) कोर्स करत होती. याच कामाला काही संस्था पेशंट केअर टेक्निशियन म्हणतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तिला 240 तासांचं प्रॅक्टिकल पूर्ण करायचं होतं. पिशवीत बारावीची मार्कशीट, आधारची झेरॉक्स आणि एका ओळीचा अर्ज: 'मला आपल्या हॉस्पिटलमध्ये काम करण्याची संधी द्यावी, ही विनंती.'

घोळ त्या 'काम' शब्दातच होता. काउंटरवरच्या माणसाला ती नोकरी मागायला आली असं वाटायचं. आठांपैकी पाच ठिकाणी तिला 'सध्या जागा नाही' हेच उत्तर मिळालं होतं. तिने मागितलं असतं प्रशिक्षण, तर उत्तर कदाचित वेगळं आलं असतं. उरलेल्या तीन ठिकाणी विचारलं गेलं, 'तुला पाठवलं कुणी?' त्यावर दाखवायला तिच्याकडे कागद नव्हता.

हॉस्पिटलची भीती समजून घ्यायला हवी. शिकाऊ मुलीला सुई टोचली, किंवा तिच्या हातून पेशंट पलंगावरून पडला, तर उत्तर कोण देणार? म्हणून हॉस्पिटल शोधण्याआधी आम्ही तिला परत संस्थेत पाठवलं, तेही लेखी प्रश्न घेऊन. एकूण तास किती आणि कोणत्या वॉर्डात? नोंदवहीचा नमुना कोणता? सही कुणाची चालते? किती खाटांचं हॉस्पिटल ग्राह्य धरणार? हे न विचारता डोळ्यांच्या दवाखान्यात महिनाभर राबणारी मुलं असतात. तिथे पेशंट संध्याकाळी चालत घरी जातो. कूस बदलणं, स्पंजिंग (ओल्या कपड्याने अंग पुसणं), बेडपॅन यातलं काहीच हाताखालून जात नाही आणि ते तास मग धरले जात नाहीत.

संस्था हॉस्पिटल शोधून देत नसेल, तरी पत्र संस्थेनेच द्यायचं असतं. लेटरहेडवर कोर्सचं नाव, तास, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, संस्थेतल्या जबाबदार व्यक्तीचा मोबाइल, आणि दोन वाक्यं अगदी स्पष्ट: हे प्रशिक्षण आहे, पगाराची किंवा नोकरीची मागणी नाही, हे एक; अपघात झाल्यास विद्यार्थिनीच्या उपचाराची जबाबदारी संस्थेची, हे दुसरं. दुसरं वाक्य लिहायला संस्था कांकू करतात. तिथे नेट लावावाच, कारण हॉस्पिटलवाले आधी तेच वाचतात.

लसीचा कागदही लागतो. हिपॅटायटिस बी चे तीन डोस असतात: पहिला, मग एक महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. म्हणून पहिला डोस प्रवेशाच्या आठवड्यातच घ्यावा. तिने एकही घेतला नव्हता. त्या दिवशी पहिला घेतला, महिन्याने दुसरा घेऊन मगच वॉर्डात जायचं ठरवलं, तिसऱ्याची तारीख अर्जात लिहिली. तेवढा महिना कागद जमवण्यात गेलाच.

आता जायचं कुणाकडे? ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय हवं असेल तर अर्ज जिल्हा शल्य चिकित्सकांच्या नावाने. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारखं ठिकाण असेल तर अधिष्ठात्यांच्या (डीनच्या) नावाने. वॉर्डातल्या सिस्टर कितीही मायाळू असल्या तरी परवानगी त्यांच्या हातात नसते. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पंधरा दिवसांनी चौकशीला गेल्यावर तो क्रमांक सांगितला की फाइल सापडते. नुसतं 'मागं अर्ज दिला होता' म्हटलं तर सापडत नाही.

खाजगीत मेट्रन (सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख) किंवा प्रशासन अधिकारी गाठावेत, तेही दुपारी दोननंतर. सकाळी राउंड आणि ओपीडीच्या धांदलीत गेलेल्याला 'उद्या या' म्हणूनच पाठवतात. अस्थिरोग, मेडिसिन आणि ऑपरेशननंतरचे पेशंट असलेलं हॉस्पिटल निवडावं.

तिच्या अर्जात आम्ही 'मी काय करणार नाही' हा परिच्छेद मुद्दाम घातला: इंजेक्शन देणार नाही, सलाइन लावणार किंवा बदलणार नाही, स्वतःच्या मनाने औषध देणार नाही, वॉर्डात मोबाइलवर फोटो काढणार नाही. मेट्रनला हे वाचून हायसं वाटतं. मुलीलाही उपयोग होतो, कारण छोट्या नर्सिंग होममध्ये दुसऱ्याच आठवड्यात 'तेवढं इंजेक्शन दे की' सुरू होतं. तेव्हा भांडत बसायचं नाही. 'माझ्या परवानगीत नाही, सिस्टर' म्हणून कागद दाखवायचा. झाडलोट आणि बिलाच्या काउंटरवर बसवणं हीही नेहमीची तक्रार. एखाद्या दिवशी ठीक. पण ते तास प्रॅक्टिकलचे म्हणून लिहू नयेत.

या तयारीनिशी ती तीन ठिकाणी गेली. तिसऱ्या ठिकाणी, लातूरच्याच एका खाजगी हॉस्पिटलात, होकार आला. आठ तासांची पाळी, आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे 240 तासांना पाच आठवडे. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे रोज केजहून ये-जा करायचं तिच्या मनात होतं. पण पाळी सुटेपर्यंत गावाकडची शेवटची गाडी निघून जाणार. बसचं वेळापत्रक समोर ठेवून सकाळची पाळी मागितली, ती मिळाली.

पहिल्या आठवड्यातली तिची चूक सांगण्यासारखी आहे. स्ट्रेचरवर घेताना वॉर्डातल्या मामांनी (वॉर्डबॉयने) पेशंटच्या पोटावर लघवीची पिशवी ठेवली. तिने दुसऱ्या पेशंटच्या वेळी तसंच केलं. पिशवी मूत्राशयाच्या वर गेली की नळीतली लघवी मागे फिरते आणि सोबत जंतू नेते. पिशवी कायम खाली टांगायची, पण फरशीला टेकू द्यायची नाही. इन्चार्ज सिस्टर रागावल्या. तिने ते नोंदवहीत स्वतःच्या शब्दांत लिहिलं, हे आम्हाला आवडलं.

नोंदवही रोज भरावी, पाळी संपताना. 'पेशंटची सेवा केली' ही नोंद नव्हे. 'खाट 6, लकवा डावीकडे. 10 वाजता उजव्या कुशीवर, 12 वाजता पाठीवर. डावा हात ओढला नाही, खाली उशी दिली. टाचा लाल नाहीत' ही नोंद. शेवटच्या दिवशी एकाच पेनाने भरलेली वही परीक्षक उघडताच ओळखतो. सही आठवड्याला घ्यावी, नोंदणीकृत सिस्टरची, नोंदणी क्रमांकासह. सिस्टर नोकरी बदलतात, आणि मग सहीसाठी माणूस शोधत फिरावं लागतं.

सुई टोचलीच तर? जखम पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची, लगेच इन्चार्जला सांगायचं. एचआयव्हीविरोधी औषध जितकं लवकर तितकं बरं. 72 तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत. लाजेपोटी घरी जाऊन सांगणाऱ्या मुलींचा हाच वेळ जातो.

पाचव्या आठवड्यात शनिवारी तिचा फोन आला. तास 232 भरले होते. एक रजा पडली होती. 'सोमवारी जाऊन आठ तास भरते अन् सर्टिफिकेट त्याच दिवशी घेते' म्हणाली. त्यात तारखा, तास, वॉर्डांची नावं, सही आणि शिक्का असायला हवा, एवढं तिला परत वाचून दाखवलं.