आयल्ट्ससाठी प्रेपोझिशनच्या जोड्यांची चांगली लिस्ट कुठे मिळेल?

लिस्ट माझ्याकडे आहे, खोटं कशाला बोलू. स्पायरल बाइंडिंग केलेली झेरॉक्स, 640 जोड्या (शब्द आणि त्याला लागणारं ‘ऑफ’, ‘टू’ असलं प्रेपोझिशन), ‘अबाइड बाय’पासून ‘झेलस फॉर’पर्यंत, कव्हरवर हळदीचा डाग. मिरजेला माहेरी कपाटावर पडून आहे. पण त्या लिस्टने माझे दोन अटेम्प्ट खाल्ले म्हणून आधी माझं ऐका, मग ठरवा.

तुम्ही लिहिलंय की आयल्ट्सला, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजीच्या परीक्षेला, राइटिंगमध्ये दोनदा 9 पैकी 6 आले, पाच आठवड्यांवर परत परीक्षा आहे, आणि क्लासमधल्या मॅडम म्हणाल्या की मराठी मीडियमवाल्यांची प्रेपोझिशन्स कच्चीच असतात. हे शेवटचं वाचलं आणि माझी झोप उडाली. नाइट करून आले होते, आंघोळ करून सरळ आडवी होणार होते, तर आता चहा घेऊन हे टाइप करत बसलेय.

मी स्टाफ नर्स. पाचवीला एबीसीडी सुरू झालेली, आमच्या वेळी तसंच होतं, पहिलीपासून इंग्रजी 2000 पासून आलं. 2018 ला मिरजेत आयसीयूला होते आणि युकेला जायचं डोक्यात बसलं. तिकडच्या नर्सिंग कौन्सिलला म्हणजे एनएमसीला तेव्हा आयल्ट्स अकॅडमिकमध्ये चारही ठिकाणी (ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं) 7 लागायचे. ड्युटी संपली की सांगलीला क्लास. तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी ती लिस्ट हातात ठेवली, रोज 20 जोड्या पाठ, दुसऱ्या दिवशी उभं करून विचारणार. मला नंतर कळलं की सर आधी बँकेच्या आणि एमपीएससीच्या बॅचेस घ्यायचे, त्या परीक्षांना गाळलेल्या जागा असतात, चार पर्याय असतात, तिथली ती लिस्ट. आयल्ट्सची बॅच सुरू झाली तेव्हा फक्त कव्हर बदललं.

मी पाठ केली हो. औषधांचे डोस पाठ करणारी बाई मी, मला 640 जोड्या काय जड. पण एबीसीडीच्या क्रमाने पाठ केलं की काय होतं माहितीय ना, इतिहासाचा पहिला धडा जसा सगळ्यांना येतो तसं माझं ‘ए’ एकदम पक्कं, ‘अ‍ॅक्यूज्ड ऑफ’, ‘अ‍ॅडिक्टेड टू’, ‘अ‍ॅडजेसंट टू’ झोपेत पण सांगेन, आणि ‘एम’च्या पुढे सगळं धुकं. आणि हे ‘झेलस फॉर’ मी आजपर्यंत कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, इथे युकेत येऊन इतकी वर्षं झाली तरी.

पहिल्यांदा परीक्षा दिली पुण्यात. संध्याकाळी स्वारगेटहून एसटीने परत येत होते, कराडला गाडी थांबली, वडापाव घेतला, आणि खाता खाता टास्क टूचं, म्हणजे राइटिंगमधल्या निबंधाचं, माझं पहिलं वाक्य डोळ्यासमोर आलं. मी लिहिलं होतं ‘दिस एसे विल डिस्कस अबाउट बोथ व्ह्यूज’. आणि प्रश्नात काय छापलेलं होतं? ‘डिस्कस बोथ दीज व्ह्यूज अँड गिव्ह युअर ओन ओपिनियन’. अहो, बरोबर वाक्य माझ्या नाकासमोर छापून दिलं होतं त्यांनी! ते बघून मी खाली चुकीचं लिहिलं. वडापाव घशाखाली उतरेना.

घरी जाऊन लिस्ट उघडली. डी काढलं. ‘डिपेंड ऑन’ आहे, ‘डिवॉइड ऑफ’ आहे, ‘डिस्कस’ नाही. असणार कसं? ती लिस्ट जोड्यांची. ज्या क्रियापदाला जोडीच लागत नाही, जे सडाफटिंग आहे, ते त्या लिस्टमध्ये येणारच नाही. आणि आपण सगळ्यात जास्त माती खातो ती ह्या सडाफटिंगांपाशी. डिस्कस अबाउट, एंटर इनटू द रूम, रीच टू स्टेशन, एम्फसाइझ ऑन, लॅक ऑफ. ह्यातली काही नाम झाली की प्रेपोझिशन घेतात, क्रियापद असली की नाही, म्हणून जास्त घोळ. ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ बरोबर, पण ‘आय रिक्वेस्टेड लीव्ह’, मध्ये ‘फॉर’ नको. ‘देअर इज अ लॅक ऑफ स्टाफ’ पण ‘अवर वॉर्ड लॅक्स स्टाफ’. हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहिलं होतं आणि कधीही विसरले नाही, कारण खरंच नव्हता स्टाफ.

राइटिंगला 6 आले. सरांना सांगायला गेले तर भरल्या बॅचसमोर म्हणाले, सिस्टर, मराठी मीडियमचं हे असंच असतं, प्रेपोझिशन रक्तात नसतं, मराठीतून विचार करणं आधी बंद करा. सगळे हसले. मी पण हसले, आपण हसतो ना तेव्हा. जानेवारी 2019 ला परत 6. एकेका परीक्षेची फी दहा हजाराच्या वर, नवरा काही बोलला नाही पण सासूबाईंनी ‘अजून किती वेळा’ एवढं विचारलंच.

आता मुद्द्याचं. त्यानंतर एका नाइटला केसपेपर लिहिताना माझा हात थांबला. मी लिहीत होते ‘सी/ओ पेन इन अ‍ॅब्डोमेन’. सी/ओ म्हणजे कम्प्लेन्स ऑफ. खाली एच/ओ, हिस्टरी ऑफ. वर लाल पेनने ‘अ‍ॅलर्जिक टू पेनिसिलिन’. आणि वाटलं, अगं ह्या सगळ्या जोड्याच की! नऊ वर्षांत मी एकदाही ‘अ‍ॅलर्जिक फ्रॉम’ लिहिलेलं नाही. कोणी पाठ करून घेतलं होतं? कोणी नाही. लिहायची गरज होती, रोज लिहिलं, बसलं. मग मला रक्तात नाही म्हणणारे हे कोण?

दुसरी गोष्ट त्याच आठवड्यातली. सिरिंज पंप (थेंबाथेंबाने औषध देणारं मशीन) 4 वर चालू आहे, डॉक्टर म्हणाले ‘इन्क्रीज टू 6’, तर मी 6 करणार. ‘इन्क्रीज बाय 6’ म्हटलं तर 10 होतील आणि मी आधी दोनदा विचारून घेईन. ‘ने’ आणि ‘पर्यंत’ ह्यातला फरक मला कोणी शिकवायची गरजच नव्हती, त्यावर पेशंट जगतो. आणि हीच बाई टास्क वनच्या ग्राफमध्ये ‘इन्क्रीज्ड टू’च्या जागी ‘बाय’ लिहून आली होती, कारण तिथे तिला आकडे दिसत होते, पंप दिसत नव्हता. तेव्हापासून प्रत्येक ग्राफ मी पंप समजून लिहिला. 40 पर्यंत गेलं तर ‘रोझ टू’, 10 ने वाढलं तर ‘रोझ बाय’, नाम वापरलं तर ‘अ राइज ऑफ 10 पर्सेंट’, कशात वाढ ते ‘अ राइज इन’, आणि एका जागी थांबलं किंवा टोकाला पोचलं की ‘अ‍ॅट’, ‘स्टुड अ‍ॅट’, ‘पीक्ड अ‍ॅट’. टास्क वनला याच्या पलीकडे फार लागत नाही.

आणि मराठीतून विचार बंद करा म्हणणाऱ्यांना माझं उत्तर असं की उलट नीट मराठीतून करा. आमच्याकडे यूपीचा एक रेसिडेंट होता, मराठी झकास शिकलेला, पण म्हणायचा ‘पेशंट इंजेक्शनपासून घाबरतोय’. आम्ही सिस्टर लोक हसून बेजार. पण आपल्याला तरी कोणी लिस्ट दिली होती का, की घाबरायचं ‘ला’, भीती ‘ची’ वाटते, राग ‘चा’ येतो आणि रागवायचं मात्र ‘वर’? तो बिचारा हिंदीतला ‘से’ उचलून आणत होता. आपण इंग्रजीत तेच करतो. म्हणजे आपल्या चुका कुठे होणार हे आधीच सांगता येतं.

‘वर’ घ्या. परिणाम कशावर तरी होतो, कर, बंदी, खर्च, दबाव सगळं कशावर तरी. इंग्रजीत पण इफेक्ट ऑन, टॅक्स ऑन, बॅन ऑन, स्पेंड ऑन, प्रेशर ऑन. हे फुकटात मिळालंय, पाठ करत बसू नका. पण उपाय पण आपल्याकडे समस्येवर असतो, म्हणून आपण ‘सोल्युशन ऑन’ लिहितो, ते ‘सोल्युशन टू’. डोकेदुखीवर गोळी असते, तिथे ‘फॉर’. रागावतो कुणावर तरी, तर ‘अँग्री विथ’. विश्वास कुणावर तरी, तर ‘फेथ इन’. सरकारवर टीका करतो आणि ‘क्रिटिसाइझ’ला काहीच लागत नाही, परत सडाफटिंग. मग ‘शी’: लग्न कुणाशी तरी, पण ‘मॅरिड टू’. ‘पेक्षा’ दिसला की ‘दॅन’ लिहायचा मोह होतो, ‘सीनियर’ आणि ‘प्रिफर’ला ‘टू’ लागतो. आणि ‘ला’ तर दोन्हीकडून मारतो, त्याला विचार म्हणून ‘आस्क टू हिम’, आणि गाणी ऐकतो मध्ये काहीच नाही म्हणून ‘लिसन म्युझिक’ (पाहिजे ‘आस्क हिम’ आणि ‘लिसन टू म्युझिक’). मी सरांच्या लिस्टवर पेन्सिल घेऊन बसले, मराठीशी जुळणारं सगळं खोडलं, कधी लागणार नाही ते पण खोडलं (झेलस!), उरलं ते एका दोनशे पानी वहीत चार-पाच पानांत मावलं.

बाकी रोज एकच काम केलं. चांगल्या इंग्रजीतला एक परिच्छेद घ्यायचा, पाच-सहा ओळी, त्याचं मराठी करायचं, सरळ आपल्या भाषेत. वही मिटायची. दुसऱ्या दिवशी फक्त मराठी बघून परत इंग्रजी करायचं आणि मूळाशी ताडून बघायचं. शाळेत भाषांतर करायचो तेच. फरक पडतो तो बऱ्याचदा ह्या चिटुकल्या शब्दांतच, आणि आपल्या हाताने केलेली चूक लाल पेनने दुरुस्त केली की ती डोक्यात राहते. परिच्छेद कुठून आणायचे हे विचारू नका, जुन्या टास्क टूचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं नेटवर ढिगाने आहेत, फक्त उत्तर कोणी लिहिलंय ते बघून घ्या.

मे 2019 ला राइटिंगला 6.5 आले, बाकी तिन्ही 7 च्या वर. आठवड्याभरात क्लासच्या बाहेर फ्लेक्स लागला, माझा फोटो (माझ्या प्रोफाइलवरून उचललेला, लग्नातला, नथ घालून) आणि खाली मोठ्या अक्षरात ‘कॉन्ग्रॅच्युलेशन्स फॉर...’. ‘ऑन’ पाहिजे ना हो तिथे! लिस्टमध्ये ‘सी’ला आहे, ‘कॉन्ग्रॅच्युलेट ऑन’, पान मला पाठ आहे. भावाने फ्लेक्सचा फोटो पाठवला होता तो अजून फोनमध्ये ठेवलाय. नवरा म्हणतो आता सोड. नाही सोडत.

आता थोडं खरं पण सांगते. डिसेंबर 2018 पासून एनएमसीने राइटिंगचं 7 चं 6.5 केलं होतं, म्हणजे माझी उडी वाढली तशी काठी पण खाली आली, सर हे सगळ्यांना सांगतात आणि ते खोटं नाही. दुसरं, प्रेपोझिशनला वेगळे मार्क नसतात. राइटिंगला चार निकष, प्रत्येकी पाव, प्रेपोझिशन शब्दसंपत्ती आणि ग्रामरमध्ये मिळून मोजलं जातं. तुमचे 6 प्रश्नाला धड उत्तर न दिल्यामुळे पण असू शकतात, माझ्या दुसऱ्या अटेम्प्टला तेच झालं होतं असं मला आता वाटतं. टास्क टूला टास्क वनच्या दुप्पट वजन आहे, तिकडे जास्त बघा. आणि केम्ब्रिजच्या बी टू फर्स्टसारखी परीक्षा असती, जिथे गाळलेल्या जागा भरायच्या असतात, तर लिस्टला मी एवढ्या शिव्या दिल्या नसत्या.

इथे लीड्सकडे आल्यावर अजून एक गंमत, वॉर्डमध्ये काम करते म्हणायला ‘ऑन द वॉर्ड’ म्हणतात, पेशंट ‘इन हॉस्पिटल’ असतो, ‘द’शिवाय, आणि माझी इथलीच जन्मलेली मॅनेजर सर्रास ‘बोअर्ड ऑफ’, ‘डिफरंट टू’ म्हणते, जे आमच्या सरांनी लाल केलं असतं. पहिल्या हँडओव्हरला (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या नर्सला देतात ते) मी घाबरून सगळं लिहून नेलं होतं, आणि वाचताना कळलं की निम्म्याहून जास्त वाक्यं मिरजेच्या केसपेपरमधली आहेत.

लिस्ट तरी हवीच असेल तर सांगा, वहिनीला फोटो काढून पाठवायला सांगते. फक्त ‘डिस्कस’ तेवढं डीच्या पानावर तुमच्या हाताने लिहून घ्या, पुढे काही न लावता.