यलोस्टोनच्या पहिल्या मोटारहोम सहलीपूर्वी

आपण जळगावहून प्रथमच अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात मोटारहोमने, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीने, फिरायला जात आहात, हे आपल्या पत्रात वाचून मनापासून आनंद झाला. सुरुवातीला मोजक्याच गोष्टी पक्क्या करा, बाकीचे अनुभवाने येईल.

सर्वांत आधी उष्ण झऱ्यांविषयी. चोपड्याजवळच्या उनपदेवला गरम पाण्यात स्नान करण्याची आपल्याला सवय असल्यामुळे यलोस्टोनमध्येही पाण्यात हात घालावासा वाटतो. परंतु तिथल्या कित्येक झऱ्यांचे पाणी अक्षरशः उकळते आणि काठची घट्ट भासणारी जमीन पातळ पापुद्र्यासारखी असते. त्या पापुद्र्यातून पाय आत जाऊन माणसे भाजून दगावली आहेत, म्हणून लाकडी पायवाटेबाहेर एक पाऊलही टाकू नका आणि मुलांचा हात सोडू नका.

मुक्कामाची जागा काही महिने आधी राखून ठेवा आणि गाडी त्या जागेत मावावी म्हणून त्यापूर्वी तिची लांबी नक्की विचारून घ्या, कारण नवखे बहुधा इथेच चुकतात. पाणी, वीज आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या उद्यानात केवळ फिशिंग ब्रिजच्या मोटारहोम तळावर मिळतात. इतरत्र टाकीतले पाणी जपूनच वापरावे लागते.

पायी फिरताना अस्वल व लांडग्यांपासून किमान ९१ मीटर, तर गव्यासारख्या दिसणाऱ्या बायसनपासून किमान २३ मीटर दूर राहा आणि अस्वलाला पळवून लावणारा तिखट फवारा पिशवीत न ठेवता कमरेला लावा. आपल्या खानदेशी उन्हाळ्याच्या हिशेबाने कपडे मात्र भरू नका. उद्यानाचा बराच भाग २,००० मीटरहून उंच असल्याने जुलैतही रात्री कडाक्याची थंडी पडू शकते.