‘बाय’ आणि ‘टिल’ दोन्हींचा अर्थ ‘पर्यंत’च ना? मग माझ्या मेलचा घोळ का झाला?

तुम्ही लिहिलंत, ‘आय विल बी इन द ऑफिस बाय सिक्स’. म्हणायचं होतं, मी सहापर्यंत ऑफिसात आहे, तोवर या. समोरच्याने वाचलं, हा सहापर्यंत ऑफिसात पोचतोय. मग तो साडेपाचला कशाला येईल? घोळ आपल्या ‘पर्यंत’मुळे होतो. मराठीत हा एकच शब्द दोन कामं उरकतो, इंग्रजीत त्या कामांना दोन वेगळे शब्द आहेत.

ओळखायचं असेल तर ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून बघा. ‘फॉर्म शुक्रवारच्या आत भरा’ चालतं, म्हणून ‘बाय फ्रायडे’. ‘दुकान दहाच्या आत उघडं असतं’ कानाला खटकतं, म्हणून ‘टिल टेन’. भरणं, देणं, पोचणं अशी एकदा होऊन संपणारी क्रिया असली की बाय. थांबणं, उघडं असणं अशी चालू राहणारी असली की टिल. फक्त ‘बाय फ्रायडे’त शुक्रवारही धरलेला असतो. पैशांचा मामला असेल तर वाद नको, ‘बाय फाइव्ह पीएम ऑन फ्रायडे’ असं वेळेसकट लिहा.

नकार आला की खरी पंचाईत. ‘डॉक्टर सहापर्यंत येणार नाहीत’ याला ‘टिल सिक्स’ लावलंत तर सहानंतर ते येतील असा अर्थ निघतो. ‘बाय सिक्स’ लावलंत तर सहाच्या ठोक्याला ते आलेले नसतील एवढंच कळतं, पुढे कधी येतील त्याचा पत्ता नाही. रिसेप्शनवर पाटी लावणाऱ्याने हे नीट बघावं.

दुसरा चकवा ‘ने’चा. रमेशने, सुरीने, लोकलने, सगळीकडे आपला ‘ने’च. ‘रमेशने कापलं’ हे ‘कट बाय रमेश’, पण ‘सुरीने कापलं’ हे ‘कट विथ अ नाइफ’. हातातल्या हत्याराला विथ. लोकलने गेलात तर ‘बाय ट्रेन’. वाहनाआधी ‘माय’ किंवा ‘अ’ आलं की बाय सोडायचं: ‘इन माय कार’, ‘ऑन अ बस’. दादरहून परळला चालत गेलात तर ‘ऑन फूट’. ‘बाय वॉक’ मुंबईत सर्रास ऐकू येतं, पण लिहू नका.

वाढ सांगताना ‘नी’ बघा. मे २०२५ मध्ये बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० रुपये झालं. ५ रुपयांनी वाढलं, म्हणून ‘बाय फाइव्ह रुपीज’; १० वर गेलं, म्हणून ‘टू टेन रुपीज’. इथे बाय-टूची अदलाबदल केलीत तर आकडाच खोटा ठरतो.

मापातला बाय तुम्हाला शिकवायची गरज नाही, १० बाय १२ ची खोली आपण रोज म्हणतो. उडप्याकडचं ‘वन बाय टू’ सूप मात्र अस्सल इथलं. वेटरला खुशाल सांगा, परदेशी क्लायंटच्या मेलमध्ये नको.